चाळीस मतदारांचं मन

रुद्राणीनं समुद्र कधी पाहिला नव्हता, तरी समुद्राकाठच्या एका कारखान्यांच्या शहरातला मतदार कसा आहे, हे शनिवारपर्यंत लिहून देणं तिच्या गळ्यात पडलं होतं. लातुरातली तिची सर्व्हे कंपनी फोनवरूनच मतदारसंघ चाचपायची. चाळीस जण बोलते केले तर नोकरी कायम, नाहीतर निलंग्याची एसटी धर, असं साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं. आणि निलंग्यात बाप स्थळांची यादी घेऊन टपलेला.

दोन दिवस लोकांनी नुसते फोन आपटले. तिसऱ्या दिवशी बंदरावरचा मल्लेश क्रेनवाला तेवढा बोलला. "लई फोन यायलेत हो. तुम्ही कुठल्या?"

"निलंग्याची."

"आगं माय! आम्ही बी तिकडचेच. कोणाची लेक म्हणायची?"

"बसलिंगप्पाची."

मग काय विचारता! बंदरावर निलंगा-औशाकडची माणसं खच्चून भरलेली. मल्लेशनं नंबर दिले, त्या नंबरांनी आणखी नंबर दिले. प्रत्येकानं आधी तिचं गाव विचारलं, मग बाप विचारला, आणि मगच मत सांगितलं. शुक्रवारी चाळीस फॉर्म भरले. चाळीसही मतं किटली या निशाणीला, समोरच्या शिडीला एकही नाही.

साहेबांनी कपाळावर हात मारला. "शहर आहे की तुझं माहेर? एकही शिडीवाला नाही?"

तेव्हा कुठे रुद्राणीच्या डोक्यात प्रकाश पडला. तिचा बाप किटलीचा कट्टर, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक. गावच्या पोरीचं मन कशाला मोडा, म्हणून चाळीस भल्या माणसांनी तिचं वाटोळं केलं होतं! पण पोरगीही इरसाल. शनिवारी सकाळी तिनं आवाज जाड केला आणि निलंग्यातल्याच शिडीवाल्या शेषेरावांची सून बनून पुन्हा तेच फोन लावले. एकोणीस जणांनी हसतखेळत शिडीला मत दिलं. विसावा मल्लेश निघाला.

"ताई, परवा तर बसलिंगप्पाची लेक होतात. लगीन बी लागलं का काय?"

रुद्राणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं सगळं कबूल केलं. "आता तरी खरं सांगा, दादा. मत कोणाला?"

"न्हाई सांगत," मल्लेश हसला. "आपलं माणूस इचारतंय तर त्याच्या मनासारखं बोलावं. खरं काय ते मशिनीपाशी."

नोकरी गेली तर गेली म्हणत तिनं तेच लिहून दिलं: या शहराचा मतदार विचारणाऱ्याचं मन राखतो आणि मत स्वतःपाशी ठेवतो.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. "हे गिऱ्हाइकाच्या हातात कसं द्यायचं?" ते वैतागले, मग खुर्चीत रेलले. "ते राहू दे. तू सांग, तुझं स्वतःचं मत कुणाला?"

साहेबांच्या मागच्या भिंतीवर शिडीवाल्या पुढाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून काढलेला त्यांचा फोटो होता. रुद्राणीनं तो नीट पाहून घेतला.

"शिडीलाच की, साहेब."

साहेब खुलले. "अशी खरं बोलणारी माणसं पाहिजेत मला," असं म्हणत त्यांनी नेमणुकीच्या कागदावर सही ठोकली.