चलता महल

सन चोपन्नच्या उन्हाळ्यात मी माझी बायको, एक बकरी, एक कुत्रा, एक पोपट आणि एक मांजर एवढ्यांना एका पत्र्याच्या बसमध्ये भरलं आणि मंगरूळपीरहून निघालो. कल्पना माझीच होती. दुसऱ्या कुणावर ढकलता आली असती तर मी केव्हाच ढकलली असती.

लढाईच्या काळात मी आसामात फौजेची लॉरी चालवायचो. तिथं एक गोरा साहेब त्याच्या लॉरीतच राहायचा. आत पलंग, कपाट, तोंड धुवायचं भांडं, खिडकीला पडदा. रोज सकाळी तो दारात उभा राहून चहा प्यायचा आणि मी चिखलात उभा राहून त्याच्याकडे बघायचो. तेव्हाच मी मनाशी ठरवलं की सैफुद्दीन, एक दिवस तूही असाच दारात उभा राहून चहा पिशील. आसामात पाऊस पडतो आणि आपल्याकडे ऊन, एवढा साधा फरक माझ्या डोक्यात आला नाही.

लढाई संपल्यावर मी एका खाजगी मोटार कंपनीत ड्रायव्हर झालो. कंपनीनं एक म्हातारी बस मोडीत काढली तेव्हा ती मीच घेतली. बाकं काढली, पलंग ठोकला, फळ्या मारल्या, पडदे लावले. माझा धंदा गॅसबत्त्या, स्टोव्ह आणि शिलाई मशीन दुरुस्त करायचा. दुकान घेऊन गावोगाव फिरायचं आणि संध्याकाळी दुकानातच झोपायचं, असा माझा बेत होता. बाजूच्या पत्र्यावर पेंटरकडून मोठ्या अक्षरांत ‘चलता महल’ लिहून घेतलं. पेंटरचा अंदाज चुकला आणि शेवटच्या ‘ल’ला जागा उरली नाही. त्यानं तो वर, खिडकीच्या झडपेवर काढला. खिडकी उघडी असली की लोक ‘चलता मह’ असं वाचायचे.

माझी बायको हुस्नाबानो आधी तयारच नव्हती. मग म्हणाली, “येतो मी. पन माह्ये जनावरं येतीन.”

“बकरी मोटारीत?”

“तुमी येऊन राह्यले ना मोटारीत? मंग तिनं काय घोडं मारलं?”

अशी शेहजादी नावाची बकरी पलंगाच्या पायाला बांधली गेली. मोती कुत्रा दाराच्या पायरीवर बसला, पोपटाचा पिंजरा मधल्या दांडीला लटकला आणि बन्नो मांजर आपल्या मर्जीनं कुठंही. बन्नोचं पोट जरा वाढलेलं होतं. मला वाटलं, खाणं बरं चाललंय.

पहिले आठ दिवस मी फार खूश होतो, कारण पहिले आठ दिवस आभाळ ढगाळ होतं. नंतर वैशाखाचं ऊन पडलं आणि दहाच्या पुढं पत्र्याला हात लावायची सोय उरली नाही. आतल्या पितळी डब्यातलं तूप पातळ झालं. सुरईतलं पाणी चहा टाकावा इतकं गरम. शेहजादी जीभ काढून धापा टाकायची आणि मोती पायरी सोडून गाडीखाली गेला तो वर येईना.  हुस्नाबानो ओल्या फडक्यानं पोपटाचा पिंजरा झाकायची आणि मग तेच फडकं माझ्या डोक्यावर ठेवायची.

मी मात्र भेटेल त्याला सांगत होतो, “आत काय हवा खेळते म्हनून सांगू! चारी बाजूनं हवा!”

शिरपूरच्या बाजारात तर मी कहर केला. तिथले कापडवाले रहमतुल्ला सेठ आणि आणखी चौघे गाडी बघायला आले. भर दुपारी मी त्यांना आत बोलावलं, पलंगावर बसवलं, पडदे सारून दाखवले. सेठचा सदरा पाठीला चिकटला. ते भले माणूस, म्हणाले, “छान हाये. जरा गरम होते, नाई?”

मी तोंड उघडणार तेवढ्यात पिंजऱ्यातून पोपट माझ्याच आवाजात ओरडला, “चारी बाजूनं हवा! चारी बाजूनं हवा!”

महिनाभर त्यानं तेच ऐकलं होतं. सेठ हसत हसत खाली उतरले आणि बाकीचे त्यांच्या मागं. मी आत एकटाच बसून राहिलो. उतरावंसं फार वाटत होतं, पण उतरलो असतो तर हार मानल्यासारखं झालं असतं. म्हणून तासभर तिथंच उकडत बसलो. हुस्नाबानो गाडीखाली मोतीशेजारी चटई टाकून निवांत सुपारी कातरत होती.

शिरपूरलाच मला एक मोठं काम मिळालं. रिठदच्या हरिसिंग पाटलांच्या मुलीचं लग्न होतं. त्यांच्या सहा गॅसबत्त्या मी दुरुस्तीला घेतल्या आणि लग्नाच्या आदल्या दिवशी स्वतः आणून देतो म्हणून शब्द दिला. निरोप घेऊन आलेल्या माणसाला मी छाती फुगवून सांगितलं, “पाटलायले म्हना, घरासगट येतो.”

निघालो. अर्ध्या वाटेत रेडिएटर उकळला. आधी वाफ, मग शिट्टी, मग दोन्ही एकदम. आमच्याकडे एकच पिंप पाणी होतं. मी डबा घेऊन पुढं गेलो, तर हुस्नाबानो पिंपावर हात ठेवून उभी.

“हे जनावरायचं पानी हाये.”

“अगं, मोटार बंद पडली तर जनावरंबी अठीच मरतीन!”

“मंग मोटारीले सांगा, जरा कमी पेत जाय.”

शेवटी अर्धं मोटारीला, अर्धं जनावरांना. त्या अर्ध्यावर गाडी कशीबशी बंजाऱ्यांच्या एका तांड्यापाशी पोचली आणि मोठ्या कडुनिंबाखाली थांबली. म्हणजे मी थांबवली असं मी सांगतो. ती आपणच थांबली.

तांड्यातली म्हातारी हिरीबाई काठी टेकत आली. तिच्याबरोबर तिचा मुलगा देवला होता. हिरीबाईनं गाडीला एक फेरी मारली, आत डोकावली, पलंग बघितला, बकरी बघितली.

“यात राह्यता?” तिनं विचारलं.

“हो. चलता महल हाये.”

ती खाली बसून हसायला लागली. “माह्या सासऱ्याचा जलम बैलायच्या पाठीवर मीठ लादून हिंडन्यात गेला. आमाले आता कुठी मातीच्या भिंती भेटल्या, डोक्यावर छप्पर आलं. अन् तू चांगलं घर सोडून डब्यात जाऊन बसला? काहून रे बापा? घरच्यानं हाकललं काय?”

 आसामच्या साहेबाचं सांगावं की नाही, असा विचार केला आणि नाही सांगितलं. देवलानं विहिरीवरून पाणी आणून दिलं. रात्री आम्ही सगळे कडुनिंबाखालीच झोपलो आणि मी ठरवलं की उजाडताच निघायचं. लग्न परवावर होतं.

उजाडल्यावर मोटार सुरू करायला हँडल मारायच्या आधी मी सीटवर बसायला गेलो, तर सीटवर बन्नो. माझ्या गादीला एक भोक होतं, त्यातून नारळाचा काथ्या बाहेर आलेला. त्या काथ्यात ती पसरली होती आणि पोटाशी चार पिलं. उंदरांएवढी, डोळे मिटलेली.

आता कबूल करतो. ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराला काचच नव्हती, म्हणून अख्ख्या महालात हवा येणारी जागा एकच होती, माझी. मी महिनाभर जगाला सांगितलं आणि खरी गोष्ट कळली मांजरीला.

मी पिलं अलगद टोपलीत घालून मागं ठेवली. बन्नोनं एकेकाला मानेला धरून परत सीटवर आणलं. मी पुन्हा नेली, तिनं पुन्हा आणली. तिसऱ्यांदा हात पुढं केला तेव्हा तिनं मनगटापासून कोपरापर्यंत असा ओरखडा काढला की माझ्या तोंडून अल्लाचं नाव निघालं.

“राहू द्या,” हुस्नाबानो म्हणाली. “पिलायचे डोये उघडेपर्यंत गाडी हालनार नाई.”

“अगं, पाटलाचं लग्न! बत्त्या! शब्द देला मी!”

“बत्त्या द्याचा शब्द देला ना? महाल न्याचा थोडाच देला?”

मी रागानं तांब्या आपटला. चार पिलांसाठी माझी मोटार अडून राहावी! पण आत वाकून बघितलं तर बन्नो डोळे अर्धे मिटून घुरघुरत होती आणि एक पिलू काथ्यात तोंड खुपसून दूध शोधत होतं, चुकीच्या बाजूला. मी बोटानं त्याला वळवलं. या वेळी बन्नोनं ओरखडलं नाही. त्यानंतर मला फारसं ओरडता आलं नाही.

देवलानं बैलगाडी जुंपली. सहा बत्त्या कडब्यात नीट रचल्या, वर गोणपाट टाकलं. मी मागं पाय सोडून बसलो, मांडीवर मेंटलचा, म्हणजे बत्तीच्या जाळ्यांचा डबा. वाटेत देवलानं विचारलं, “भाऊ, मोटारीपेक्षा बरं वाटून राह्यलं ना?” मी डब्याचं झाकण घट्ट केलं. खरं तर बरं वाटत होतं. वारा लागत होता.

रिठदच्या वेशीवर पाटील आणि त्यांची माणसं मोटारीची वाट बघत उभी होती. गावातली निम्मी पोरं जमली होती. बैलगाडी आली तशी ती बाजूला झाली आणि आमच्या मागं, रस्त्याकडे बघत राहिली.

“मोटार कुठी हाये?” हरिसिंग पाटलांनी विचारलं.

वाटेत मी तीन खोटी कारणं तयार केली होती. टायर, गिअर, पेट्रोल. पण पाटील इतक्या साधेपणानं विचारत होते की माझ्या तोंडून खरं निघून गेलं. “पाटील, माह्या सीटवर मांजर व्याली.”

 पाटील असे हसले की त्यांचा फेटा सैल झाला. गावातून बाया आल्या, त्यांना सांगितलं, त्या हसल्या. नवरदेवाकडची माणसं आली, त्यांना सांगितलं. पंगतीत मला चार वेळा उठून ती गोष्ट सांगावी लागली. चौथ्या वेळी मी ओरखडाही दाखवला. दिवेलागणीला मी सहाही बत्त्या पेटवल्या. मेंटल पांढरेशुभ्र फुलले, मांडव लख्ख झाला आणि एकही बत्ती भप्प झाली नाही. लोकांना मांजरच आठवणार हे मला ठाऊक होतं. तरी मी मांडवाच्या खांबाला टेकून बराच वेळ त्या उजेडाकडे बघत उभा राहिलो.

लग्न आटोपून तिसऱ्या दिवशी तांड्यावर परतलो, तर गाडी ओळखू येईना. टपावर पळसाच्या डहाळ्यांचा जाड थर, त्यावर ओली गोणपाटं. उन्हाच्या बाजूला वाकळा टांगलेल्या. हुस्नाबानो आणि हिरीबाई गाडीखाली, एकीकडे शेहजादी, दुसरीकडे मोती, आणि मध्ये तांड्यातल्या चार बाया. हुस्नाबानो मशीन मांडून कुणाची तरी चोळी शिवत होती. माझ्याकडे दुरुस्तीला आलेली मशीन!

“आत जाऊन पाहा,” ती म्हणाली.

मी चढलो. थंड नव्हतं, पण बसवत होतं. पलंगावर टेकलो. महिनाभरात पहिल्यांदा मला त्या पलंगावर दुपारची डुलकी लागली.

उठलो तेव्हा हुस्नाबानो पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती.

“हे आधी काहून नाई सांगतलं?” मी विचारलं.

“तुमी इचारलं कधी? तुमी तर सांगूनच राह्यले होते.”

ती हे रागानं म्हणाली नाही, म्हणून मला जास्त लागलं. मी तांब्या घेतला आणि सगळं पाणी एका दमात प्यालो.

पिलांचे डोळे दहाव्या दिवशी उघडले. तोवर मी तांड्यातले सगळे कंदील नीट करून टाकले होते, आणि न बिघडलेले दोनसुद्धा. आता मांजर टोपलीत राहायला तयार झाली. एक पिलू हिरीबाईनं मागून घेतलं आणि ओच्यात बांधलं. निघताना तिनं गाडीच्या पत्र्यावर काठी वाजवली. “पुढल्या साली येजो. डहाळ्या तोडून ठेवतो.”

आम्ही रिसोडला पोचलो. मी नेहमीसारखी गाडी बाजाराच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल अशी उभी केली. हुस्नाबानो उतरली, पदर सावरून जरा वेळ थांबली आणि म्हणाली, “अठी नाई.” मी हँडल मारलं. दुसरी जागा एका गोदामाच्या भिंतीशी होती. तिथं ती वाकून जमिनीला हात लावून आली आणि मान हलवली. तिसरी जागा मला फार पसंत होती, तिला नव्हती. माझा सदरा घामानं भिजला होता आणि बाजारातली माणसं आमच्याकडे बघून एकमेकांना कोपरं मारत होती.

चौथ्यांदा आम्ही ओढ्याकाठच्या जांभळाखाली आलो. ती उतरली, झाडाभोवती फिरली, वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. मी हँडल हातात धरून तिच्याकडे बघत होतो.

“अठी ठीक हाये,” ती म्हणाली.

मी चाकाला दगड लावला आणि बकरी सोडली.