घड्याळांसकट

दाजी माझ्या बहिणीचा नवरा. त्याआधी तो माझा मित्र होता, आणि हा क्रम महत्त्वाचा आहे, निदान मला तरी. शाळेत एका बाकावर बसून आम्ही दोघं दर वर्षी गणितात मिळून नापास झालो. पुढे त्यानं माझ्याहून दीड वर्षानं मोठ्या ताईशी लग्न केलं आणि एका सकाळीत तो माझा दाजी झाला. मग हळूहळू सगळ्या मित्रांचाच दाजी झाला. लग्नानंतर तो रोज संध्याकाळी सातला आमच्यातून उठून घरी जायचा. मी लग्नाच्या भानगडीत पडलो नाही, त्यामुळे सातनंतर माझं काय होतं याची चौकशी कुणी केली नाही. सत्तावीस वर्षं मी हे सहन केलं.

दाजी घड्याळं दुरुस्त करतो. त्याच्या घरात भिंतीवर एकोणीस घड्याळं होती, सगळी टोले देणारी. ताई हॉस्पिटलात सिस्टर आहे. रात्रपाळी करून ती सकाळी जरा पाठ टेकायची, आणि दर तासाला ही एकोणीस घड्याळं थोड्याथोड्या फरकानं तिला उठवायची. तीन महिन्यांपूर्वी ती म्हणाली, "या घरात एक तर ही घड्याळं राहतील, नाहीतर मी." दाजीनं घड्याळं उतरवली, आणि त्यांच्याबरोबर स्वतःही दुकानामागच्या खोलीत राहायला गेला. जाताना दारात म्हणाला, "आता बोलावल्याशिवाय यायचा नाही मी."

दोन आठवड्यांनी ताईनं बोलावलं. स्वतः फोन करायचा तिला कमीपणा वाटत होता, म्हणून मला मध्ये घातलं. "त्याला सांग, घड्याळांसकट ये. पण ये." एवढाच निरोप.

मी लगेच दुकानात गेलो, हे नमूद करतो. दाजी पत्ते पिसत बसला होता. आमच्यातला डेंटिस्ट आधीच आला होता आणि ब्रेकही. ब्रेक म्हणजे आमचा ड्रायव्हिंग स्कूलवाला. शिकाऊ लोकांच्या शेजारी वीस वर्षं बसल्यामुळे घरी सोफ्यावर टेकला तरी त्याचा उजवा पाय चालू असतो. मी धरून चौघं पुरे झालो. घड्याळात आठ वाजले होते आणि दाजीला कुठेही जायचं नव्हतं. "बस, वाटतोय," तो म्हणाला. मी बसलो. म्हटलं, निरोप उद्या देऊ.

असे सहा आठवडे गेले. ताई विचारायची, "सांगितलंस का?" मी म्हणायचो, "सांगितलं ना. विचार करतोय तो." दाजी पान टाकताना मधूनच विचारायचा, "घरून काही?" मी म्हणायचो, "नाही रे." आता हे लिहिताना मला शरम वाटते. तेव्हा वाटत नव्हती. तेव्हा पत्ते चांगले येत होते.

त्यातच आमची खोल समुद्रातल्या मासेमारीची ट्रिप ठरली. वीस वर्षं नुसती ठरत असलेली ही ट्रिप दाजी मोकळा झाल्याबरोबर चार दिवसांत खरोखर ठरली. बुधवारी निघायचं, शनिवारी परत. मंगळवारी ताईचा फोन आला. तिला दुसऱ्या शहरात बदली देऊ करत होते, पाच वर्षांसाठी. सोमवारी दुपारी बारापर्यंत हो की नाही ते लिहून द्यायचं होतं. "तोपर्यंत तो आला नाही तर मी हो लिहिणार," ती म्हणाली. "मासे मारायला जायला वेळ आहे म्हणे त्याला."

माझं डोकं चालू झालं. लगेच सांगितलं तर ट्रिप बोंबलणार. शनिवारी बंदरावर उतरताना सांगितलं, तर रविवारी दाजी घरी. ट्रिपही होईल आणि संसारही वाचेल. इतकी चोख योजना मी आयुष्यात दुसरी केलेली नाही.

बोट एका बाईची होती. कप्तानबाई साठीच्या, आणि शब्द रेशनवर मिळत असल्यासारख्या बोलायच्या. पहिल्या दिवशी डेंटिस्टनं पोटातलं सगळं समुद्राला अर्पण केलं. दुसऱ्या दिवशी त्याला पहिला मासा लागला. त्याच्या तोंडातून गळ काढताना डेंटिस्ट सवयीनं म्हणाला, "दुखलं तर हात वर करा." दाजी इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. त्याला तसं हसताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि मला अगदी सुखात असल्यासारखं वाटत होतं.

शनिवारी सकाळी वारा फिरला. कप्तानबाईंनी बोट एका ओसाड बेटाच्या आडोशाला नेली आणि नांगर टाकला. "बंदर बंद. सोमवारी संध्याकाळी बघू."

"सोमवारी दुपारच्या आत नाही का होणार?" मी विचारलं.

"पोहत गेलात तरी नाही."

मोबाईलला रेंज नव्हतीच. शनिवारी मी दाजीजवळ तीनदा गेलो. एकदा हवेबद्दल बोललो, एकदा त्याला चहा दिला, एकदा त्याच्याकडून चहा घेतला. रविवारी तर त्याच्या शेजारी बसून अर्धा दिवस गळाला आमिष लावत होतो. "काय झालंय तुला?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "पित्त."

सोमवारी सकाळी दाजीच्या गळाला काहीतरी प्रचंड लागलं. काठी कमानीसारखी वाकली. अशा वेळी मागून एकानं कमरेचा पट्टा धरायचा असतो, नाहीतर मासा माणसालाच घेऊन जातो. पट्टा धरायला मी होतो. पाऊण तास तो ओढत होता आणि मी त्याच्या पाठीला चिकटून उभा होतो. त्याच्या मनगटावरचं घड्याळ माझ्या नाकासमोर होतं. दहा वाजून तीन मिनिटं. त्याला मागे वळता येत नव्हतं, म्हणजे त्याचा चेहरा मला बघावा लागणार नव्हता. तेवढ्यावर मी बोललो.

"ताईनं तुला बोलावलंय."

"कधी?"

"सहा आठवडे झाले. घड्याळांसकट ये म्हणाली. आज बारापर्यंत तुझं उत्तर गेलं नाही तर ती बदली घेतेय. पाच वर्षं."

दोन वेळा काठीचं चाक फिरवलं त्यानं, सवयीनं. मग घड्याळाकडे पाहिलं. "एक तास छप्पन्न मिनिटं," तो म्हणाला, आणि काठी ब्रेकच्या हातात देऊन केबिनकडे गेला. ब्रेकनं आयुष्यात पहिल्यांदाच वेळेवर ब्रेक लावला नाही. दोर सरसर गेला आणि तुटला. तो मासा कसला होता हे आम्हाला कधीच कळलं नाही.

कप्तानबाईंनी वायरलेसवर बंदर लावून दिलं. तिथल्या ऑपरेटरनं ताईला फोन लावला. तो एका कानानं तिचं ऐकणार आणि दुसऱ्या कानानं आमचं, आणि इकडचं तिकडे सांगणार. आडोशाला थांबलेल्या सगळ्या बोटी तोच चॅनेल ऐकत होत्या. तीन दिवस त्यांनाही दुसरं काही काम नव्हतं.

"माझ्या बायकोला सांगा, मी येतोय. ओव्हर," दाजी म्हणाला.

थोडी खरखर झाली. मग ऑपरेटरचा सरकारी आवाज आला. "बाई विचारतायत, सहा आठवडे कुठे होतात? ओव्हर."

"दुकानात. बोलावण्याची वाट बघत. ओव्हर."

"बाई म्हणतात, बोलावलं होतं. भावाजवळ निरोप दिला होता. निरोप मिळूनही आला नाहीत, आता मी बदलीवर निघाले म्हणून येताय का? ओव्हर."

दाजीनं माझ्याकडे पाहिलं. त्याला खरं सांगता आलं असतं, पण बायकोजवळ तिच्या सख्ख्या भावाची चहाडी करणं त्याच्या तोंडून निघेना. खोटं सांगितलं असतं तर संसार गेला असता. त्यानं माईक माझ्या हातात ठेवला. डेंटिस्ट आणि ब्रेक दारात उभे होते. दोघांनीही समुद्राकडे तोंड फिरवलं.

मी बटण दाबलं. "मी भाऊ बोलतोय. निरोप मी दिलाच नाही. त्याला आज कळलं, आत्ता. ओव्हर."

"फोन चालू आहे," ऑपरेटर म्हणाला, "पण बाई बोलत नाहीयेत." मग, "बाई विचारतायत, का?"

तो ओव्हर म्हणायला विसरला. मीही.

"कारण तो रात्री आठला दुकानात असायचा," मी म्हटलं. "आधी माझाच मित्र होता ना तो. मला तो परत मिळाला होता. घरी पाठवला असता तर पुन्हा सातला गेला असता."

"हे असंच सांगू का त्यांना?" ऑपरेटरनं विचारलं. आवाज आता सरकारी राहिला नव्हता.

"सांगा."

कुठल्यातरी बोटीवरून कुणी खाकरलं. दाजी माझ्याकडे बघत नव्हता. त्यानं मला दोन शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. साडेदहा वाजले होते.

"बाई म्हणतात," ऑपरेटर म्हणाला, "फॉर्मवर 'नाही' असं लिहितेय. मिस्टरांना घ्यायला संध्याकाळी बंदरावर येतेय. ओव्हर." दाजी मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. बाजूच्या बोटींनी भोंगे वाजवले. "आणि भावासाठीही एक निरोप दिलाय. मी कागदावर लिहून घेतलाय. पण तो सहा आठवड्यांनी द्यायचा, असं बाईंनी बजावलंय. ओव्हर."

संध्याकाळी ताई आली, दाजीला गाडीत बसवलं आणि निघून गेली. माझ्याकडे तिनं वळूनही पाहिलं नाही. तेव्हापासून ती माझा फोन घेत नाही. दाजी घेतो, पण "हं" आणि "बरं" च्या पुढे जात नाही, आणि पावणेसातला दुकान बंद करतो. बंदराच्या ऑफिसात मी दोनदा जाऊन आलो. ऑपरेटर माणूस चांगला आहे, चहा पाजतो. कागद टेबलाच्या खणात आहे, घडी घातलेला. "चांगलं आहे की वाईट, तेवढं तरी सांगा," मी दुसऱ्यांदा म्हटलं. त्यानं खणाला किल्ली लावली आणि म्हणाला, "अजून अकरा दिवस आहेत, साहेब."