निवडलेले तांदूळ

कमलाबाईंनी खिळ्यावरचं सूप काढलं, तांदळाचा डबा उघडला आणि त्या तशाच थांबल्या. आत पांढरेशुभ्र, टपोरे दाणे होते. खडा नाही, कोंडा नाही.

"वर्ध्याहून पाकिटातले आणले, आई," ऑफिसला निघालेली सून पौर्णिमा म्हणाली. "आता निवडा नाई लागत. दुपारी आराम करजा."

सून गुणाची होती, त्यात वाद नाही. तरी कुणी गोड बोलून हातातलं काही काढून घ्यावं, तसं कमलाबाईंना वाटलं. काय, ते मात्र सांगता येईना.

दुपारी त्या सवयीनं चपला घालून निघाल्या. समोर रुख्मिणीच्या ओट्यावर बायका जमल्या होत्या. त्यांचं हसणं इथवर ऐकू येत होतं. व्हरांड्यात हरिदासरावांनी पेपरातून मान वर केली.

"कुठी चालली?"

इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्यानं हे कधी विचारलं नव्हतं. हातात सूप असलं की विचारायचं कारणच नसे. नुसतं बसायला जाते, असं कसं सांगायचं? बोरगावात घर बांधलं, गॅस आला, तरी तेवढी सोय काही झाली नव्हती.

"कुठी नाई," म्हणत त्या परत फिरल्या आणि पंख्याखाली पडून राहिल्या. डोळा लागेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच पाकिटातले तांदूळ सुपात ओतले. हरिदासरावांनी सूप पाहिलं आणि पान उलटलं. ओट्यावर रुख्मिणीनं सुपात डोकावून गंभीरपणे म्हटलं,

"लयच कचरा हाय वं तुह्या तांदळात."

बायका पोट धरून हसल्या. कमलाबाईही हसल्या, आणि संध्याकाळपर्यंत स्वच्छ तांदूळ निवडत बसल्या.

रविवारी जेवणं आटोपून त्या हात पुसत आल्या, तर खिळा रिकामा. सूप पौर्णिमाच्या हातात होतं, तांदळासकट. आठवडाभर ऑफिसात राबणारी, पगार आणणारी पोरगी. तिला कोण काय विचारणार, असंच कमलाबाई आजवर समजत आल्या होत्या.

"कुठी चालली, सूनबाई?" व्हरांड्यातून आवाज आला.

"तांदूळ निवडाले, बाबा."

हसावं की रडावं, कमलाबाईंना कळेना. त्यांनी फळीवरची परात ओढली, हाताला लागला तो डबा तिच्यात रिकामा केला आणि त्या सुनेमागे निघाल्या.

हरिदासरावांनी परातीकडे पाहिलं आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

परातीत साखर होती.