कुमुदिनीचा शेवटचा फ्लेक्स

आईच्या सगळ्या कार्यक्रमांचे फ्लेक्स उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या धर्मेशकडे झाले होते. श्रद्धांजलीचाही तिथेच, असं बाबा म्हणाले. शेअर रिक्षात राजसीला त्यांच्याशी भांडायचं होतं, पण मधे परकं माणूस बसलं होतं.

भांडण मीनलमावशीवरून होतं. आई, कुमुदिनी, रॉक गायची, आणि तेही मराठीत. सुरुवात बुवापाड्यातल्या गणपतीच्या मांडवातून. आज बदलापूर-वांगणीकडे गळ्यात गिटार अडकवून फिरणाऱ्या पोरी पहिलं नाव तिचंच घेतात. मीनलमावशी तिची ड्रमर. बदलापूरच्या एका कार्यक्रमात आईने माईकवरच सांगून टाकलं होतं, "माझं दोन माणसांवर प्रेम आहे. एक पहिल्या रांगेत बसलाय, कानात कापूस घालून. दुसरी मागे ड्रम बडवतेय. दोघांनाही ठाऊक आहे, तेव्हा चुगली करायला कुणी धावू नका."

शिट्ट्या पडल्या. काही नातेवाईक तुटले, ते तुटलेच.

आज सकाळी सुषमाआत्याने फोनवर बजावलं, "श्रीपाद, फ्लेक्स चौकात लागणार. घरच्यांचीच नावं टाक हं." बाबा नुसतं "बरं" म्हणाले. फोन स्पीकरवर होता, आणि मीनलमावशी ओट्यापाशीच होती. "माझं नाव नसलं तरी चालेल गं," असं राजसीला म्हणून ती धुतलेले कप पुन्हा धुवायला लागली.

धर्मेशने संगणकावर आईचा फोटो लावला, खाली समई आणि फुलं. "काका, गिटार कापू? मयतीच्या फ्लेक्सला शोभत नाही."

"काप. मग ती येऊन तुझे कान कापेल."

धर्मेश हसला आणि लगेच ओशाळला. "सॉरी काका. चला, शोकाकुल. पती श्रीपाद, मोठ्या अक्षरात. मग मुलगी राजसी..."

"बाबा," राजसीने तोंड उघडलं.

"थांब जरा. धर्मेश, माझ्या शेजारी मीनल लिही. माझ्याच मापाचं."

"रिश्ता काय टाकू? बहीण? दोस्त?"

बाबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "बहीण तर नाहीच. मैत्रीण म्हटलं तर कमी पडतं."

"पण काका, नावाच्या आधी रिश्ता लागतो. सगळ्यांचा असतो. पब्लिक विचारते ना."

"मग माझ्यापुढचं 'पती' काढ. हिचं 'मुलगी'ही काढ. नुसती नावं राहू देत."

"आत्याला काय सांगणार?" राजसीने विचारलं.

"काय सांगायचंय? घरच्यांचीच नावं आहेत की."

राजसीने मान फिरवली. बाहेर हातगाडीवरून जीन्सचे गठ्ठे चालले होते, ते ती बराच वेळ बघत राहिली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिला तिथेच रडू फुटलं असतं, हे त्यांना माहीत असावं.

धर्मेश माऊस सरकवत होता. "तीन नावं एका ओळीत मावत नाहीत, काका. मीनल मॅडमना खालच्या ओळीत घेऊ का? की अक्षर बारीक करू?"

"बारीक कर," राजसी खुर्ची पुढे ओढत म्हणाली. "तिघांचंही सारखं."