वाळूतला तंबू

लावण्याच्या चुकांची यादी तिच्यापेक्षा तिच्या वडिलांनाच जास्त पाठ होती. येलगिरीच्या डोंगरावर मुक्कामाला गेली, तर काड्यापेटी विसरली. कोल्ली डोंगरात नवे बूट घालून गेली आणि फोड आले म्हणून अनवाणी उतरली. येरकाडला तिने उताराच्या पायथ्याशी तंबू लावला आणि पावसाचं सगळं पाणी आत घेतलं. तिचे अप्पा, कल्याणराम, ही यादी मुंजीत सांगत, बारशाला सांगत, एकदा तर श्राद्धाच्या पंगतीत सांगून मोकळे झाले. ऐकणारे हसत आणि लावण्या पानावरचा भात चिवडत बसे. सत्तावीस वर्षांची, कॉलेजात शिकवणारी बाई, पण तंजावूरच्या सगळ्या मराठी गोतावळ्यात तिची ओळख काय, तर काड्यापेटी विसरणारी.

आता तिला ऑक्टोबरात हिमालयात जायचं होतं. बारा दिवसांचा ट्रेक, नाव रविवारपर्यंत द्यायचं, आणि अप्पांचा होकार काही मिळत नव्हता. महिनाभर मागे लागल्यावर त्यांनी अट घातली.

"पापनाशमास नदीकांठीं एक रात्र राहून दाखव. एक चूक होतां कामा नये. मग खुशाल जा." आणि वर, "मीही येतों. बघावयास."

शनिवारी दुपारी दोघं पापनाशमला उतरली. लावण्याने एकेक वस्तू तीनदा तपासून घेतली होती. अप्पांनी घडीची खुर्ची, छत्री आणि अम्माने दिलेला चिंचेच्या भाताचा डबा आणला होता. बाकी त्यांच्याजवळ मतं होती, ती भरपूर होती. नदीचं पात्र कोरडं ठणठणीत होतं. काठावर आंब्याखाली उंच, सपाट जागा पाहून लावण्याने पाठीवरचं ओझं उतरवलं.

"येथें नको," अप्पा म्हणाले. "मुंग्या आहेत. खालीं वाळूंत लाव. निजावयास मऊ."

"अप्पा, नदींत तंबू लावीत नाहींत. पहिला नियम तोच."

झालं, नको तिथे हात लागला. कल्याणराम तीस वर्षं पाटबंधारे खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले. धरणात पाणी कमी असलं की इथल्या नद्यांना पाळीने पाणी सुटतं, काही दिवस वेण्णार नदीच्या बाजूला, काही दिवस कावेरीच्या, म्हणजे पापनाशमच्या बाजूला. ते वेळापत्रक म्हणजे त्यांचं संध्यावंदन.

"हा आठवडा वेण्णाराचा," ते म्हणाले. "मंगळवारापर्यंत इकडे थेंब येत नाहीं. मज शिकवूं नको."

काठावर बकऱ्या चारणारी एक बाई हे बघत होती. ती तमिळमध्ये ओरडली, "अगं पोरी, पाळी कालच बदलली! वरच्या गावात सकाळी पाणी आलंय. मी बकऱ्या खाली सोडल्यात का बघ!"

लावण्याने अप्पांकडे पाहिलं.

"ती बकऱ्या राखते. मीं पाणी राखलें आहे," अप्पा म्हणाले आणि खुर्ची घेऊन वाळूत उतरलेसुद्धा.

बाई खरं बोलतेय हे लावण्याला कळत होतं. चांगलं कळत होतं. पण आता वाद घातला तर होकार गेला, एवढंच तिच्या डोक्यात बसलं होतं. तिने मुकाट्याने ओझं खाली नेलं. वाळूत खुंट्या धरेनात, तेव्हा पिशव्यांत वाळू भरून, त्यांना दोर बांधून त्या पुरल्या. तंबू ताठ उभा राहिला. "आतां कशी शहाणी," अप्पा म्हणाले, आणि सांगायला लाज वाटते, पण तिला बरं वाटलं.

चारच्या सुमारास पाणी आलं. गर्जना वगैरे काही नाही. पालापाचोळा आणि फेस पुढे ढकलत ते वाळूवरून सरपटत आलं, आणि "हें झिरप असेल" असं अप्पा म्हणेपर्यंत त्यांच्या घोट्यावर चढलं. लावण्याने त्यांचा दंड धरून त्यांना ओढत काठावर आणलं. परत फिरेतो पाणी गुडघ्यापर्यंत पोचलं होतं. तंबू फुगला, कलंडला आणि पिशव्यांसकट निघून गेला. डबा गेला. खुर्ची गेली. बकऱ्यांची बाई हसली नाही, हेच लावण्याला फार लागलं. दोघं ओल्या कपड्यांनी बसमध्ये उभी राहून घरी आली.

रविवारी सकाळी वरलक्ष्मीआत्या आली. अप्पांनी कॉफीचा घोट घेतला आणि गोष्ट सुरू केली.

"आमची शहाणी काय करते, तर नदींत तंबू लावते!"

लावण्याचं डोकंच फिरलं. "जागा कोणीं दाखविली, अप्पा?"

आत्याचा पेला हातातच राहिला. स्वयंपाकघराच्या दारात अम्मा येऊन उभी राहिली. कल्याणरामांनी आपला पेला खाली ठेवला.

"मींच दाखविली," ते म्हणाले. "पण ती बाई बोलली तें तूं ऐकलेंस ना? तुज पटलेंही होतें. मग माझें कशास ऐकलेंस? डोंगरांत कोणीं चुकीचें सांगितलें तर तेथेंही असाच तंबू लावशील?"

स्वतःची चूक अशी दुसऱ्याच्या पदरात टाकणारा माणूस तिने जन्मात पाहिला नव्हता. ओरडावं, पेला भिंतीवर फेकावा असं तिला वाटलं. आणि सगळ्यात चीड याची आली, की म्हातारा खोटं बोलत नव्हता. काड्यापेटी ती विसरली होती, बुटांचा तिला अंदाज नव्हता. वाळूत मात्र ती सगळं कळत असताना उतरली होती, एका होकारासाठी.

तिने फोन घेतला, ट्रेकचा फॉर्म उघडला आणि ती नाव भरायला लागली.

"काय करतेस?" अप्पांनी विचारलं.

"नांव देतें."

"मीं अजून हो म्हटलें नाहीं."

"मीं विचारलें कोठें, अप्पा?" ती म्हणाली आणि तिने बटण दाबलं.