शेवंतीवरची घाण

विजयमालाबाईंच्या ताटात पिठलं-भाकरी होती, आणि सुनेनं नेमका तेव्हाच मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरला. काढलेल्या फोटोत काळी, काटेरी, नारिंगी ठिपक्यांची एक अळी झाडाचा रस पिणारा माव्याचा किडा तोंडात धरून चोखत होती. बाईंचा घास हातातच राहिला.

"आत्या, ही ढालकिड्याची, त्या लाल, काळ्या ठिपक्यांच्या किड्याची पिल्लं. आपल्या शेवंतीवर हायती. मावा खात्यात," प्रियदर्शनी कौतुकानं म्हणाली.

"शी! यमाईच्या फुलांवर ही घाण?"

साईराज सीमेवरून सुखरूप परतला, तर पौष पुनवेला औंधच्या यमाईला घरच्या शेवंतीचा हार घालीन, असं त्या बोलल्या होत्या. पोरगा परत आला होता. आता विकतचा हार नेऊन चालणार नव्हतं. देवीशी का चलाखी करायची असते?

सून शाळेत शिकवायला गेली, तशा त्या कामाला लागल्या. पदर नाकाला लावून, निंबाच्या काडीनं एकेक अळी मिठाच्या पाण्यात ढकलली. ती वळवळली की ह्यांच्या अंगावर काटा. झाडं स्वच्छ झाली, तेव्हा कुठं साबणानं हात धुऊन त्यांनी चहा घेतला.

आठवड्याभरात मावा असा माजला, की कळ्यांचे देठ काळे पडले. पानं चिकट, त्यावर मुंग्यांची रीघ. आगीतून फुफाट्यात! औषध मारावं, तर विषाची फुलं देवीला कशी वाहायची?

"अळ्या कुठं गेल्या?" सुनेनं विचारलं.

बाईंनी मिठाच्या डब्याकडं बघितलं. सुनेनं काळा पडलेला एक देठ तोडून त्यांच्या हातात दिला.

"मागं पावट्याच्या वेलावर हायती अजून," ती म्हणाली. "मी पानं तोडते, तुमी धरा."

त्यांनी धरली. तोंड फिरवून, ओकारी गिळत. "खावा मेल्यांनो," म्हणत पानं शेवंतीवर ठेवली.

मावा ओसरला, आणि पुनवेला जेमतेम एका हाराची फुलं निघाली. औंधच्या देवळात पुजाऱ्यानं हार हातात घेतला आणि दचकला. पाकळीवर अळी होती.

"आवं, किडा हाय!" त्यानं टिचकी उगारली.

"मारू नगा!" बाई ओरडल्या. काडी नव्हती, पान नव्हतं. त्यांनी उघड्या बोटांनी ती उचलली. मऊ, थंड. शी! पदराची सैल खोळ करून तिला आत सोडली.

हार देवीच्या गळ्यात पडला.

गाडीत साईराजनं विचारलं, "आई, पदरात काय गं? परसाद?"

"तुझा नवस हिनं फेडलाय," त्या म्हणाल्या, आणि घर येईपर्यंत पदर अंगापासून हातभर लांब धरून बसल्या.