बारावी चकती

मिस्त्रींनी काउंटरच्या काचेवर अशी थाप मारली, की तराजूवरचा आकडासुद्धा दचकून दोनदा बदलला.

"दोन टक्के कापणार? कशाचे? पाकिटं उघडलीत म्हणून? शेठ, मी काय बिस्किटाचा पुडा परत करायला आलोय? सादळलंय का सोनं?"

"काका, नियम आहे," सराफ म्हणाला. "शिक्का पाकिटावर असतो, चकतीवर नाही. सीलबंद असतं तर डोळे झाकून घेतलं असतं."

"म्हणजे किंमत प्लॅस्टिकची! सोनं फुकट!"

शेजारच्या खुर्चीत बायको मांडीवरची पर्स घट्ट धरून बसली होती. पाकिटं तिनेच उघडली होती. काल सोन्याचा डबा बाहेर काढल्यावर उघडी पाकिटं बघून मिस्त्री रागाने घरभर नाचले, तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "पुसायला उघडली. डाग पडत होते."

सोन्याला डाग! मिस्त्री हसता हसता खोकले होते.

जन्म लेथवर गेला होता. पेन्शन बसणार ती भाड्यात आणि औषधांतच विरघळणारी. म्हणून बारा वर्षं, दर बोनसला दहा ग्रॅमची एक गुळगुळीत चकती. पाकीट बायकोच्या हातात दिलं, की पुन्हा डब्याकडे बघायचं नाही. आता बाराही आटवून एक कांडी करायची, लॉकरमध्ये टाकायची आणि हात थरथरायला लागले की तोडून तोडून खायची, असा बेत. मध्ये कारखान्याला आठ महिने टाळं होतं, तेव्हासुद्धा 'सोन्याला हात लावला नाही मी', हे न्हाव्यापासून व्याह्यांपर्यंत सगळ्यांना ऐकवून झालं होतं. त्या आठ महिन्यांत ताटात दोन्ही वेळा गरम पडत होतं, त्यामुळे सांगताना छाती आणखीच फुगायची.

सराफाने चकत्या तराजूत ओतल्या. एकशे चौदा पूर्णांक चार.

मिस्त्रींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "एकशे वीस हवेत! वरून दोन टक्के, खालून साडेपाच ग्रॅम! दोन्ही हातांनी लुटताय की!"

"तराजू आजच तपासलाय, काका."

"मग आता मी तपासतो."

निरोपाला कारखान्याने दिलेलं घड्याळ घरी ट्रंकेत पडलं होतं, पण जाडी मोजायचा मायक्रोमीटर खिशात होता. एकेक चकती त्याच्या चिमट्यात धरून मिस्त्री आकडा मोठ्याने वाचू लागले. "एक पासष्ट. एक पासष्ट." गिऱ्हाईकं गोळा झाली. बाराही तंतोतंत.

"बघा! केसाचा फरक नाही. चकती तेवढीच, मग वजन कोणी खाल्लं?"

"अहो," बायको हळूच म्हणाली, "जाऊ द्या ना. घरी चला."

"तू थांब गं. आज याला सोडत नाही."

सराफ एकेक चकती वेगळी तोलू लागला. दहा. दहा. दहा. अकरा वेळा दहा. बारावी चार पूर्णांक चार.

"पितळ आहे, काका." त्याने आवाज खाली आणला. "पण काम काय आहे! हात लावल्याशिवाय कळलं नसतं."

"आता पितळही माझ्याच गळ्यात? पोलिसांनाच..."

मिस्त्रींनी चकती उजेडात तिरपी धरली आणि वाक्य तिथेच राहिलं. कडेला बारीक उतार होता. बोटाला धार लागू नये म्हणून घातलेला. कोणी सांगत नसतानाही असा उतार घालणारा एकच माणूस त्यांना ठाऊक होता.

टाळेबंदीचं वर्ष. दोस्ताच्या गॅरेजमधला लेथ. "शिवणमशीनच्या पायाखाली घालायला एक चकती करून द्या ना," असं म्हणत बायकोने साबणाची वडी पुढे केली होती. वडीवर दाबून उठवलेला गोल ठसा. "मशीनच्या पायाला इतकं नेमकं कशाला?" त्यांनी विचारलं होतं. "तुम्हाला ढिसाळ जमतं का?" ती म्हणाली होती. त्या कौतुकावर त्यांनी अर्धा दिवस पॉलिश मारलं होतं.

मशीनचा पाय अजून डुगडुगत होता.

बायको पर्सच्या चेनकडे बघत होती.

"तक्रार करायचीय का, काका?"

"कसली तक्रार?" मिस्त्री खेकसले. "माझाच तुकडा आहे हा. चुकून डब्यात आला. अकरा लिहा! आणि पाकिटाचे दोन टक्के कापायला लाज वाटत नसेल, तर कापा!"

चकती चष्म्याच्या घरात गेली. दोघं बसस्टॉपवर येऊन उभे राहिले.

"इतक्या वर्षांत काळं पडायला हवं होतं पितळ," रस्त्याकडे बघत मिस्त्री म्हणाले.

"पुसायचे ना," ती म्हणाली. "दर महिन्याला."

घरी पोचल्यावर मिस्त्री चपलाही न काढता गुडघ्यांवर बसले. बायकोने शिवणमशीन एका अंगाने उचलून धरलं. त्यांनी चकती पायाखाली सरकवली, मशीन हलवून बघितलं.

"दोन टक्के!" ते खालूनच ओरडले. "प्लॅस्टिकचे! निर्लज्ज लेकाचे!"